पावसाच्या आत: नेरूळच्या सायकल दुरुस्ती कट्ट्याच्या नोंदी

रविवार, ६ एप्रिल २०२५

जागा ठरली. नेरूळ पूर्वेला एका सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगचा कोपरा, दर रविवारी सकाळी आठ ते बारा. पावसाळा लागायच्या आत पोटापाण्याच्या सायकली तयार करायच्या, एवढंच काम हाती घेतलं आहे. पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, वॉचमन काका, तुर्भे-महापेच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार यांच्या सायकली आधी. सुट्टीच्या दिवशी पाम बीच रोडवर फिरणाऱ्यांचंही स्वागत आहे, पण सामानाची पेटी त्यांच्या मापाने भरायची नाही. त्यांच्या सायकलीचं सामान मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. काळ्या सायकलीचा (सळ्यांच्या ब्रेकची जुनी भारी सायकल) कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) एक्सेलला जखडणारी पाचर, मात्र आता शोधत फिरावं लागतं.

पद्धत अशी: मालकाने स्वतःचे हात काळे करायचे, कट्ट्यावरचा माणूस शेजारी उभा राहून दाखवेल. पैसे फक्त सामानाचे, खरेदीच्या भावाने. वेल्डिंग, वाकलेला चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), नव्याने चाक भरणं ही कामं नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे पाठवायची. ही दुकानं आधीच एकेक करून बंद होत आहेत, आणि आठवड्याचे बाकी सहा दिवस सायकल तिथेच जाणार आहे. त्यांचं गिऱ्हाईक तोडून कट्टा चालवू नये.

हत्यारं: ८ ते १७ रिंग-फिक्स पान्यांचा संच, पायडलसाठी १५ चा पातळ पाना, १३ ते १६ चे कोन पाने, ४-५-६-८ अॅलन की, स्पोक चावी, चेन टूल, क्रँक पुलर, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) काढायचे दोन पुलर (जुना दोन खाचांचा आणि नवा दात्यांचा), केबल कटर, दाबाचा काटा असलेला फूट पंप, टायरचे चमचे, कानस, एक किलोचा हातोडा, पाण्याचं घमेलं. डंबेल पाना मुद्दाम घेतला नाही. तो सगळ्या नटांना बसतो असं वाटतं आणि सगळ्याच नटांचे कोपरे खातो.

स्टँड विकत घेण्याची गरज नाही. छताच्या बीमला दोन नायलॉन दोऱ्या, टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलेले हुक. एक सीटच्या नाकाला, एक हँडलला. चाकं कमरेच्या उंचीवर येतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

रविवार, १३ एप्रिल

सामान भरलं. टायर-ट्यूबच्या मापात सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून भिंतीवर तक्ता लावला. टायरच्या कडेला दोन प्रकारे माप छापलेलं असतं. इंचातल्या मापावर भरवसा ठेवू नका, मिलिमीटरमधला शेवटचा तीन आकडी नंबर बघा. रिमवर टायर जिथे बसतो तिथला तो व्यास असतो. काळ्या सायकलीचा २८ × १½ म्हणजे ६३५. हायब्रिडचा ७०० सी म्हणजे ६२२; त्यालाही काही जण २८ म्हणतात, पण फरक १३ मिलिमीटरचा आहे आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. जाड टायरची २६ × १.९५ म्हणजे ५५९. लेडीज सायकलचा २६ × १⅜ म्हणजे ५९०. दोन्हींवर २६ लिहिलेलं, फरक ३१ मिलिमीटर. दशांशातलं माप आणि अपूर्णांकातलं माप यांची अदलाबदल करायची नाही, हे लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुकीच्या खरेद्या टळतात.

छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) तीन मापांचे: हँडलच्या कपांना सव्वा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पुढच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, दीड सूत, मागच्या हबला आणि बीबीला (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सेल फिरतो ती जागा) पाव इंच. प्रत्येक मापाचे दोनशे. लिथियम ग्रीस एक किलो. ९.५ मिलिमीटरचे कॉटर एक डझन, रॉड ब्रेकच्या शूचे सहा जोड, व्ही ब्रेकच्या पॅडचे आठ जोड, ब्रेकच्या स्टेनलेस वायरी वीस, ब्रेकचा आउटर (वायरीवरचं कव्हर) दहा मीटर, गियरचा पाच मीटर, जुन्या वालसाठी वालट्यूब (वालवर चढवायची बारीक रबरी नळी) दोन मीटर.

आउटरची दोन वेगळी भेंडोळी करून रंगाने खूण केली. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते. गियरच्या आउटरमध्ये तारा सरळ, लांबीच्या दिशेने असतात. गियरचा आउटर ब्रेकला वापरला तर जोरात ब्रेक दाबताना तो फुटतो, म्हणजे नेमका नको त्या क्षणी. हे शिकवल्याशिवाय कोणाच्या हातात केबल कटर द्यायचा नाही.

रविवार, २० एप्रिल

आज फक्त पंक्चर. बहुतेकांना पॅच लावता येतो. तो महिनाभर टिकवणं जमत नाही. क्रम असा ठरवला.

टायर काढण्याआधी वालच्या समोर टायरवर खडूने खूण. ट्यूबमध्ये भोक सापडलं की ती खुणेला लावून टायरमधली जागा लगेच सापडते. टायर काढताना चमचा वालच्या विरुद्ध बाजूने घाला. ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघा, वालच्या बुडापासून सुरुवात करा. भोकाभोवती पॅचपेक्षा रुंद भाग पॉलिश पेपरने घासा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. शिवणीची उभी रेघ मध्ये आली तर ती घासून सपाट करा, नाहीतर हवा त्या रेघेच्या कडेने निसटते. सोल्युशन पातळ लावा आणि पाच मिनिटं थांबा. घाई इथेच होते: ओल्या सोल्युशनवर पॅच दाबला की आत विद्रावक अडकतो आणि पॅच दोन दिवसांत सुटतो. बोट लावल्यावर चिकटलं नाही की पॅच लावा, मधून कडेकडे दाबत जा.

मग टायर आतून तपासायचा. ठाणे-बेलापूर रोडवरून येणाऱ्या सायकलींमध्ये काचेपेक्षा जास्त वेळा केसाएवढी बारीक पोलादी तार निघते. ट्रकच्या जुन्या रेडियल टायरमधून ती रस्त्यावर पडते. बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि नवी ट्यूबही दुसऱ्याच दिवशी पंक्चर होते. त्यासाठी कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. तार असेल तिथे कापसाचे धागे अडकून राहतात. चिमटीने धरून ती बाहेरच्या बाजूने ओढा.

भोकाच्या जागेवरून कारण कळतं. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी आणि खड्ड्यात रिम आपटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे, स्पोकचं टोक टोचतंय. तिथे जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली तरी चालते. वालच्या बुडाशी चीर असेल तर पॅच बसत नाही, ट्यूब बदला. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि वाल तिरका ओढला जातो, म्हणून तिथे फाटतं. हवा हळू उतरते पण भोकच नाही, अशी तक्रार असेल तर काळ्या सायकलीची वालट्यूब बघा. उन्हाने रबर चिरतं. दोन बोटं लांबीचा नवा तुकडा थुंकी लावून चढवला की काम झालं.

हवा किती, याचं उत्तर टायरच्या कडेला छापलेलं असतं. कॅरियरवर ओझं असेल तर मागच्या चाकात छापलेल्या वरच्या आकड्याच्या जवळ भरा.

रविवार, ४ मे

बीबी आणि कॉटर. काळ्या सायकली सगळ्यात जास्त यासाठीच आल्या. प्रत्येक फेऱ्याला टक-टक आवाज, पायडल दाबलं की किंचित रिकामी चाल. हे तसंच चालवलं तर क्रँकचं भोक लांबट होतं आणि मग कॉटर कितीही बदला, क्रँकच बदलावा लागतो. वीस-पंचवीस रुपयांचा भाग वेळेवर न बदलल्याने ही पाळी येते.

कॉटर काढताना: नट पूर्ण काढू नका. तो सैल करून कॉटरच्या टोकाच्या पातळीला आणून ठेवा, म्हणजे हातोड्याचा मार आट्यांवर न बसता नटावर बसतो. क्रँकखाली, कॉटरच्या डोक्याभोवती बसेल असा लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपासून टेकू म्हणून उभा करा. टेकूशिवाय मारलं तर सगळा धक्का बीबीच्या छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. मग एकच घट्ट, सरळ घाव. हलके हलके दहा घाव घातले की कॉटरचं टोक पसरतं आणि तो आणखी रुततो. निघतच नसेल तर रात्रभर डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडून ठेवा.

नवा कॉटर जसाच्या तसा क्वचित बसतो. त्याची तिरपी बाजू एक्सेलच्या खाचेला पूर्ण टेकली पाहिजे. घालून बघा, काढा, घासल्याची खूण कुठे उमटली ते बघा, कानशीने तेवढंच उतरवा, पुन्हा घाला. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने: क्रँक आडवे धरले तर एकाचा नट वर, दुसऱ्याचा खाली. एकाच दिशेने घातले तर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवणाऱ्याचा गुडघा दुखायला लागतो. कॉटर नटाने ओढून बसवायचा नसतो; आधी हातोड्याने बसवा, मग नट आवळा. आठवडाभर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून आवळा.

कॉटर निघालेच आहेत तर बीबी उघडा. डाव्या कपाचे आटे सरळ, उजव्याचे उलटे. उजवा कप काढायची बहुतेक वेळा गरज पडत नाही, आतून डिझेलच्या फडक्याने पुसा आणि टॉर्चने खड्डे बघा. प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा सुटे छर्रे, जाड ग्रीसमध्ये रोवून बसवा. जुने छर्रे पुन्हा घालू नका, चमकत असले तरी. झिजलेले आणि नवे एकत्र घातले तर सगळा भार नव्यांवर येतो.

आज उघडलेल्या बीबींमध्ये ग्रीसऐवजी तांबडा चिखल होता. पाणी खालून कमी, वरून जास्त येतं: सीटच्या नळीतून झिरपून थेट बीबीत साचतं. सीटपोस्टच्या जोडावर जुन्या ट्यूबचं चार बोटं रुंद कडं चढवा आणि बीबीच्या तळाला निचऱ्याचं भोक असेल तर ते तारेने मोकळं करा. खाडीकाठची हवा खारी आहे, त्यामुळे स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट ग्रीसशिवाय ठेवला तर दोन पावसाळ्यांत तो जाम होतो.

रविवार, ११ मे

ब्रेक. स्टीलच्या गुळगुळीत रिमवर पाणी असताना रबराचा शू जवळजवळ पकडत नाही. रॉड ब्रेक कितीही नीट लावला तरी हा दोष रिमचा आहे. म्हणून काळी सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं: पावसात वळणाच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका टेकवून ठेवा, रिमवरचं पाणी पुसलं जाऊ द्या, मग दाबा. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड पुष्कळ बरी राहते, त्यामुळे चाक बदलायची वेळ आलीच तर तीच रिम भरून घ्या.

व्ही ब्रेकचा पॅड रिमला टेकताना पुढचं टोक मागच्यापेक्षा मिलिमीटरभर आधी टेकलं पाहिजे. मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठा धरून नट आवळला की हे साधतं आणि किंकाळीही थांबते. पॅड टायरला घासत नाही ना, हे दोनदा बघा. टायरची कड एका दिवसात कापली जाते.

मंगळवार, २७ मे

काल, २६ मेला, मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. दोन आठवड्यांचं काम हातात होतं, ते आता पावसातच करायचं. संपूर्ण ओव्हरऑइल (सगळी सायकल उघडून, साफ करून पुन्हा जोडणं) थांबवलं आणि क्रम बदलला: आधी ब्रेकचे शू आणि वायरी, मग मागचा रिफ्लेक्टर, मग चेन. हब आणि बीबी फक्त आवाज करत असतील तरच उघडायची. ओल्या हवेत उघडलेल्या बेअरिंगमध्ये ओल शिरते, त्यामुळे जे उघडायचं ते त्याच बैठकीत बंद करायचं.

चेनचं तेल: शिलाई मशीनचं तेल एका पावसात धुऊन जातं. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे, तो होतं ते तेलही काढतो. पावसाळ्यापुरतं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालतं. चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त रेती धरतं. चेनवर ग्रीस थापू नका.

झीज मोजायची तर स्टीलची पट्टी लावा. एका पिनेपासून तिच्या पुढच्या २४व्या पिनेपर्यंत बरोबर १२ इंच. अर्धा सूत जास्त भरली तर चेन बदला. एक सूत भरली तर फ्रीव्हीलचे दातही गेले असं समजा, नवी चेन त्यावर घसरेल. चेन लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते तिकडे असलं पाहिजे. एका गियरच्या सायकलला वर-खाली अर्धा इंच सैलपणा ठेवा.

काही मुलांनी दिसायला बरं म्हणून चेनकव्हर आणि मडगार्ड काढून टाकलेत. पावसाळ्यात ते परत लावले तर चेनचं आयुष्य वाढतं आणि पेपरचा गठ्ठाही चिखलापासून वाचतो. कट्ट्यावर सुटी मडगार्डं ठेवली आहेत, ज्यांना हवी त्यांनी नेऊन बसवावीत.

रविवार, ८ जून

दिवे आणि रिफ्लेक्टर. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे पाम बीच रोडवर, नेरूळजवळ, टॅक्सीच्या धडकेने इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा सायकल चालवताना मृत्यू झाला. त्या रस्त्यावरचा वेग आवरला जाणं हे खरं काम आहे आणि ते पान्याने होणार नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच की पहाटे चार-पाचला निघणारा पेपरवाला लांबून दिसावा.

दुकानातला लाल दिवा सीटपोस्टला लावतात. कामाच्या सायकलवर कॅरियरला गठ्ठा किंवा दुधाचे कॅन असले की तो पूर्ण झाकला जातो. दिवा आणि रिफ्लेक्टर मागच्या मडगार्डच्या खालच्या भागावर, कॅरियरच्या पातळीखाली लावा. मडगार्ड नसेल तर कॅरियरच्या मागच्या सळीला पत्र्याची पट्टी आवळून तिच्यावर. परावर्तक टेप: मागे लाल, पुढे पांढरी, दोन्ही क्रँकच्या मागच्या बाजूला एकेक तुकडा. वर-खाली हलणारा ठिपका स्थिर दिव्यापेक्षा आधी लक्षात येतो. टेप लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा, नाहीतर पहिल्या सरीत सुटते.

बाटलीचा डायनॅमो ओल्या टायरवर घसरतो, पावसाळ्यात त्यावर विसंबू नका.

रविवार, २२ जून

पाण्यात उभ्या राहिलेल्या सायकली आल्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की सखल भागात पाणी तुंबतं, खाडीजवळ ते खारटही असतं. हबपर्यंत पाणी गेलं असेल तर थांबू नका. सीटपोस्ट काढा, सायकल उलटी करून पाणी ओता, गोड्या पाण्याने हाताने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा बेअरिंगवर कधीच मारायचा नाही, तो उरलंसुरलं ग्रीसही बाहेर काढतो.

हब उघडून दोन्हीकडचे छर्रे बदला. मागच्या हबला प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ, पुढच्याला दीड सुती दहा. कोन (छर्ऱ्यांना आत धरून ठेवणारा एक्सेलवरचा नट) आवळताना चाक हाताने हलवून बघा: खडखड नको, आणि एक्सेल बोटांनी फिरवताना अडकायलाही नको. लॉकनट आवळला की कोन किंचित आत ढकलला जातो, म्हणून आधी केसभर सैल सोडा.

फ्रीव्हील उघडत बसू नका. चाक आडवं ठेवा, मागून डिझेल सोडत फिरवा, घाण बाहेर आली की निथळू द्या, मग जाड तेल. काढायचंच असेल तर पुलर एक्सेलच्या नटाने दाबून धरा, पहिला झटका सुटला की नट सैल करा. नट न लावता जोर केला तर दोन खाचांच्या फ्रीव्हीलच्या खाचा तुटतात आणि ते कायमचं अडकतं.

रविवार, ६ जुलै

मागच्या चाकाच्या तुटलेल्या स्पोक. काळ्या सायकलीला पुढे ३२, मागे ४० स्पोक असतात ते मागच्या ओझ्यासाठीच. तरी तुटतात, कारण बहुधा ओझं नसून सैल स्पोक असतं: प्रत्येक फेऱ्याला ती ढिली-ताठ होते आणि हबजवळच्या वाकावर तुटते. एक तुटली की फक्त ती बदलून भागत नाही, शेजारच्या चार स्पोकही बोटांनी दाबून बघा. नवी आणताना जुन्या स्पोकचे दोन्ही तुकडे दुकानात घेऊन जा. लांबी वाकाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजतात.

आऊट (चाकाचं डावी-उजवीकडे डुलणं) काढताना स्पोक चावी पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही. रिम डावीकडे गेली असेल तर तिथल्या उजव्या स्पोक आवळा आणि डाव्या तेवढ्याच सोडा. चाक वर-खाली उडत असेल किंवा रिमला खड्डा पडला असेल तर काकांकडे.

रविवार, २० जुलै

सोसायट्यांच्या तळघरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या सायकलींबद्दल तीन कमिट्यांनी विचारणा केली. घेण्याआधी तीन गोष्टी: सूचना फलकावर महिनाभर नोटीस, कमिटीचं सही-शिक्क्याचं पत्र, आणि बीबीखाली किंवा सीटच्या नळीवर कोरलेला फ्रेम नंबर वहीत. नंबर घासलेला दिसला तर सायकल घ्यायची नाही.

अशा सायकलीतून हँडल, स्टेम, पायडल, क्रँक, अॅल्युमिनियमच्या रिमा, मडगार्ड, कॅरियर वाचतात. ब्रेकच्या वायरी, ब्रेक पॅड, भेगा पडलेले टायर सरळ भंगारात. ते चांगले दिसले तरी दुसऱ्याच्या सायकलीवर चढवू नका. बीबीजवळ किंवा चिमट्याच्या वरच्या टोकाला रंग फुगून खाली गंज असेल तर फ्रेमही भंगारात.

जोडून झालेल्या सायकली कोणाला, हेही ठरलं. १९८४ साली सुरू झालेल्या, बॉस्टनच्या ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’सारख्या संस्था मुलांना दुरुस्ती शिकवतात आणि काम पूर्ण केलेल्या मुलाला सायकल देतात. इथेही तेच: आधी दुसऱ्याची एक सायकल पूर्ण ओव्हरऑइल करायची, मग स्वतःची जोडायची. ताबा देण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तपासणी करायची. पुढचा ब्रेक दाबून ढकलली तर मागचं चाक उचललं पाहिजे. मागचा दाबून ढकलली तर चाक न फिरता घसरलं पाहिजे. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिरगळलं तर ते हलता कामा नये. पायडलपैकी डावं उलट्या आट्यांचं आहे, ते हातानेच चार फेरे गेलं का ते बघा. चारही गोष्टी झाल्या की वहीत फ्रेम नंबरपुढे दोघांच्या सह्या आणि मालकाच्या नावाने कमिटीच्या पत्राची प्रत.